नांदुरा ते सॅन फ्रान्सिस्को, जळगाव जामोदमार्गे

नांदुऱ्याच्या फलाटावर तुम्ही उभे आहात आणि कुणीतरी विचारतं, अमेरिका कुठल्या दिशेला? तुमचा हात आपोआप मलकापूर-भुसावळकडे, पश्चिमेला जातो. मुंबईची गाडी तिकडे जाते, विमान मुंबईहून सुटतं, म्हणजे अमेरिकाही तिकडेच असणार. हात खाली घ्या. तोंड उत्तरेकडे करा आणि किंचित उजवीकडे वळा. जळगाव जामोद ज्या दिशेला आहे, बरोबर त्याच दिशेला सॅन फ्रान्सिस्को आहे.

पटत नसेल तर शाळेतला पृथ्वीगोल आणा आणि दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा नांदुऱ्याहून निघतो, जळगाव जामोदवरून सातपुडा ओलांडतो, शिंद्यांच्या ग्वाल्हेरजवळून जातो आणि नंदादेवीच्या शिखराला जवळजवळ चाटून तिबेटात शिरतो. पुढे सायबेरिया. मग उत्तर ध्रुवसागर, जवळपास ७४ अंश अक्षांशापर्यंत वर. तिथून अलास्का, आणि मग पॅसिफिकच्या कडेनं खाली सॅन फ्रान्सिस्को. या दोऱ्याची लांबी भरते सुमारे १३,२०० किलोमीटर. ताशी नऊशेच्या वेगानं पावणेपंधरा तास.

या दोऱ्यावरून कुठलंच प्रवासी विमान जात नाही, हेही लगेच सांगायला हवं. विमानातली हवेची दाबव्यवस्था बिघडली तर वैमानिकाला तातडीनं तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिबेटात जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून विमानं तिबेटला वळसा घालतात. कुठे एखाद्या देशानं आपलं आकाश बंद केलेलं असतं, तिथे आणखी एक वळसा. कधी वाऱ्याची साथ मिळावी म्हणून मुद्दाम लांबची वाट धरतात. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान २०१६ च्या ऑक्टोबरात अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून जाऊ लागलं. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरनं वाढून १५,३०० झालं, तरी पाठीशी वारा असल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांत आटोपू लागला. आकाशात लांबची वाट लवकर पोचवू शकते.

दोरा मात्र तुमच्या पणजोबांच्या काळीही एवढाच होता. वेळ बदलला. तो कसा बदलत आला ते याच फलाटावरून बघू. डोळे मिटा.

उघडता तेव्हा १८८३ चा जून आहे. जीआयपी रेल्वे नागपूरला पोचून सोळा वर्षं झाली आहेत. फलाटावर कापसाच्या गाठी रचल्या आहेत, आणि मृगाच्या पहिल्या पावसाचा वास अजून आलेला नाही. स्टेशनातलं घड्याळ बघा. ते मद्रासची वेळ दाखवतं, कारण रेल्वे सगळीकडे मद्रासच्या वेळेनं चालते. नांदुऱ्याचा सूर्य तिच्यापेक्षा पंधरा मिनिटं मागे आहे. गावातला शेतकरी सूर्य बघून निघतो आणि गाडी डोळ्यांदेखत निघून गेलेली असते. (आजची भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची, तिनं हा फरक पंधराचा चोवीस मिनिटांचा केला. दुपारी बाराला नांदुऱ्यात सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो.)

याच दिवसांत कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कला उतरली आहे. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिलला कलकत्त्याच्या बंदरातून निघाली, ४ जूनला पोचली. अठ्ठावन्न दिवस. त्या अठ्ठावन्न दिवसांत इथे चैत्र-वैशाखाची उन्हं तापून गेली, शेतं नांगरून झाली, लग्नसराई उरकली. ती जिवंत आहे की नाही हे घरच्यांना कळायचं तेही तिचं पत्र समुद्रावरून परत येईल तेव्हा. अंतराला त्या काळी किती माया-काळजी पुरवावी लागत असेल, याचा अंदाज तुम्हाला या फलाटावर थोडातरी येतो.

आता १९३२ चा ऑक्टोबर. तुमचा मुलगा लंडनला बॅरिस्टरी करतो आहे. गेला तेव्हा बॅलार्ड पिअरवर तुम्ही त्याला निरोप दिलात. पत्र बोटीनं जातं, मार्सेलपर्यंत समुद्र आणि पुढे रेल्वे, म्हणजे पंधरवडा धरून चाला. उत्तराला आणखी तेवढाच. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर महिन्यानं मिळतं, आणि तोवर प्रश्न शिळा झालेला असतो.

१९२९ पासून लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत विमानाचं टपाल येतं, आठवड्याभरात. पण कराचीत उतरली की थैली पुन्हा रेल्वेच्या हवाली. मोठा पल्ला झटक्यात कापायचा आणि शेवटचा तुकडा रखडायचा, ही व्यथा इथूनच सुरू होते. ती मनात ठेवा.

१५ ऑक्टोबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमाराला कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण एका इंजिनाचं छोटं पुस मॉथ विमान घेऊन उडतो. त्याचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सोबत टपालाची पंचावन्न पौंडांची थैली. वायरलेस नाही, खालचा किनारा, नदी, रूळ बघत जायचं. अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरतो तर पेट्रोलचे डबे बैलगाडीतून येतात. ही बैलगाडी मला फार मोलाची वाटते. तुमच्या नांदुऱ्यात कापूस जिनिंगला घेऊन जाते तशीच एक गाडी त्या दिवशी हिंदुस्थानच्या विमान टपालाला हातभार लावते आहे. दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना तो मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरतो. सुमारे १,०३० किलोमीटर, सव्वासात तास, मधला थांबा धरून. पुढची थैली नेव्हिल व्हिंटसेंट बेल्लारीमार्गे मद्रासला नेतो.

तुम्ही नांदुऱ्याच्या पोस्टात जास्तीचे आणे मोजता आणि पाकिटावर हवाई टपालाची निळी चिठ्ठी चिकटवता. पाकीट रात्रीच्या गाडीत, आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपालाच्या डब्यात चढतं. मुंबईहून विमानानं कराची, कराचीहून बाकीचे देश. पावसाळ्यात जुहूला पाणी साचतं, तेव्हा विमान पुण्याला उतरतं. तरीही पोराला तुमचं पत्र पूर्वीच्या निम्म्या दिवसांत मिळतं. 'आईचा ताप उतरला' असं तुम्ही लिहिलंत, तर ते वाचताना आता त्याला थोडा विश्वास वाटतो.

पुढचा मुक्काम १९४८ चा, ८ जून. मंगळवार. मृग नक्षत्र लागलं आहे आणि नांदुऱ्यातली सगळी माणसं वर बघताहेत, ढगांसाठी. देश स्वतंत्र होऊन वर्ष व्हायचं आहे. गाव मध्य प्रांत व वऱ्हाडात आहे, राजधानी नागपूर. तुम्ही मुंबईला आला आहात. रात्री सांताक्रूझला चार इंजिनांचं एक चकचकीत विमान उभं आहे. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, शेपटीला तीन सुकाणू, नाव 'मलबार प्रिन्सेस'. एअर इंडिया इंटरनॅशनलचं लंडनला जाणारं पहिलं विमान. पस्तीस प्रवासी, त्यांत स्वतः जे. आर. डी. टाटा.

आत शिरा. खिडकीजवळ बसा. मार्ग मुंबई-कैरो-जिनिव्हा-लंडन. सरळ दोरा ताणला तर मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर आहे, पण एका दमात एवढं जायची ताकद या विमानात नाही. म्हणून कैरोला उतरायचं, इंधन घ्यायचं, पुन्हा उडायचं. वळसा धरून आठ हजारांच्या आसपास. ताशी पाचशेच्या वेगानं नुसतं हवेतच सोळा-सतरा तास, वर थांबे. पिस्टनच्या इंजिनांची घरघर तुमच्या दातांत उतरते. अरबी समुद्रावर काळोख आहे. बोटीनं याच पाण्यावर तुमचे चुलते एडनपर्यंत कित्येक दिवस गेले होते. तुम्ही एका झोपेत पार होता.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. या विमानाच्या नावाची आठवण आपण अभिमानानं काढतो, तशी दुःखानंही काढायला हवी. ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाला उतरायला निघालेलं हेच 'मलबार प्रिन्सेस' मॉं ब्लां पर्वतावर आदळलं. अठ्ठेचाळीस जण गेले. १९६६ च्या २४ जानेवारीला त्याच पर्वतावर एअर इंडियाचं 'कांचनजंगा' कोसळलं, आणि त्यात डॉ. होमी भाभा होते. आज आपण विमानात बसून निवांत जेवतो, झोपतो. उंची मोजण्याच्या, जागा ओळखण्याच्या, वैमानिकांशी बोलण्याच्या ज्या रीतींमुळे हे जमतं, त्या अशा मरणांमधून शिकलेल्या आहेत.

परत वऱ्हाडात. १९४९ चा उन्हाळा. तुम्ही घाट चढून चिखलीला पाहुणे म्हणून आला आहात. घाटाखाली नांदुऱ्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. इथे अंगणात बाजेवर पडलं की वारा लागतो. मध्यरात्र व्हायच्या आधी पश्चिमेकडून एक घरघर येते. तारे झाकत एक डाकोटा विमान पूर्वेकडे जातं.

त्या वर्षीच्या ३० जानेवारीला रात्रीचं विमान टपाल सुरू झालं आहे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रात्री विमानं निघतात, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला एकत्र येतात, थैल्यांची अदलाबदल करतात आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परततात. मुंबईचं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! देशाच्या मधोमध आहे म्हणून हा मान नागपूरला. मुंबई-नागपूर सरळ दोरा साधारण ६८० किलोमीटरचा, आणि तो बुलढाणा जिल्ह्यात नांदुऱ्याच्या दक्षिणेला, घाटावरून, चिखलीच्या जवळून जातो. रेल्वे तेच अंतर ८३७ किलोमीटरांत कापते, कारण तिला घाट टाळून तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून यावं लागलं. या वळशानंच नांदुऱ्याला स्टेशन दिलं. आज समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांत मुंबईजवळून नागपूरला जातो, तोही सिंदखेडराजा-मेहकरवरून, आकाशातल्या रेषेच्या जवळ राहून. सरळ जाणाऱ्या प्रत्येक वाटेनं घाटावरची गावं निवडली आणि घाटाखालच्या गावांना आगगाडीवर सोपवलं, असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही.

यापुढची वर्षं भराभर जातात. १९६० ला महाराष्ट्र झाला; त्याच मे महिन्यात एअर इंडियाचं जेट बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. वेग जवळजवळ दुप्पट. १९६५ ला अमेरिकेनं आपला कायदा बदलला आणि डॉक्टर, इंजिनिअर निघाले. आधी मुंबई-पुण्याचे. मग १९८३ ला शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय उघडलं आणि नांदुऱ्यातल्या घरांचं चित्र पालटलं. आता मुलगा सकाळची पॅसेंजर धरून शेगावला जातो, संध्याकाळी घरी जेवायला येतो, चार वर्षांनी पुण्याला नोकरीला लागतो आणि एक दिवस सांगतो, "बाबा, कंपनी कॅलिफोर्नियाला पाठवते आहे."

तुम्ही एसटीडी बूथमध्ये उभे आहात, लाल आकडे पळताहेत, आणि तुमच्या आईला त्यांची फिकीर नाही. "पोचला का रे? जेवला का?" तिकडे आदल्या दिवसाची रात्र आहे, हे तिला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेबारा. ती शेवटी स्वतःचा हिशेब बसवते: आपण सकाळचा चहा ठेवला की पोरगा रात्री जेवायला बसतो. त्यानंतर ती कधी चुकत नाही.

२०२१, जानेवारी. बाहेर कडाक्याची थंडी, हरभरा घाट्यांवर आलेला. करोनामुळे नेहमीची विमानं गेल्या मार्चपासून बंद आहेत. काही खास उड्डाणं तेवढी चालू. तुमची नात आठ महिन्यांची झाली आणि तुम्ही तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे. ती पडद्याला हात लावते, तुम्हीही लावता.

९ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोहून रात्री साडेआठच्या सुमाराला एअर इंडियाचं बोइंग ७७७ बंगळुरूला निघतं. चालवणाऱ्या चौघीही स्त्रिया: कॅप्टन झोया अगरवाल, पापागरी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मनहास. दोन शहरांतलं सरळ अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर, मध्ये थांबा नाही, आणि वाट उत्तर ध्रुवावरून. तिकडे होकायंत्रावर भिस्त ठेवता येत नाही, कारण चुंबकीय ध्रुव जवळ येतो. बाहेरची थंडी इतकी, की टाकीतलं इंधन किती अंशाला गोठेल हे उड्डाणाआधीच बघून ठेवावं लागतं. अमेरिकेत भरलं जाणारं नेहमीचं इंधन उणे चाळीसपर्यंतच टिकतं. काही बिघडलं तर उतरायचं कुठे, याची यादीही तयार लागते, आणि त्या बर्फात उतरायच्या जागा थोड्या.

विमान ११ तारखेच्या पहाटे बंगळुरूला टेकतं. प्रवास सतरा तासांच्या आसपासचा, पण घड्याळांच्या फरकानं १० तारीख जवळजवळ पूर्ण गिळली. विमानातल्या माणसांना त्या वर्षी १० जानेवारी नावापुरतीच मिळाली. तुम्ही नांदुऱ्यात ती पूर्ण जगलात: दिवसभर बातम्या लावून बसलात, आणि मनात एकच, वाट मोकळी होते आहे, आता पोरं येतील.

पोरं आली नाहीत, तुम्हीच निघालात. २०२२ चा डिसेंबर. एअर इंडियाचं मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान याच महिन्यात सुरू झालं आहे. दुपारी अडीचला सुटतं, सोळा तास उडतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला उतरतं. ऐकून शेजारी थक्क होतात. "दुपारी निंगाले अन् संध्याकाळी अमेरिकेत! पोचले का फोन करजा बाप्पा."

आता हा प्रवास घरच्या उंबऱ्यापासून मोजा. आदल्या रात्री नऊला घर सोडता. बॅगांत लोणचं, कुरडया, पापड, नातीसाठी शिवलेली झबली जी तिला आता येणार नाहीत. महामार्गाकडे बघून एकशे पाच फुटी हनुमंताला हात जोडता. गाडी उशिरा आहे. रात्रभर भुसावळ, मनमाड, इगतपुरी. तुमचे गुडघे वरच्या बर्थवर चढू देत नाहीत, खालच्या बर्थवाल्याला विनवावं लागतं. सकाळी मुंबई. टॅक्सी, विमानतळ, रांग, पुन्हा रांग, बुटांपासून पट्ट्यापर्यंत सगळं उतरवून तपासणी. अडीचला विमान धावपट्टीवर धावू लागतं.

रात्री नऊपासून दुपारी अडीचपर्यंत साडेसतरा तास झाले. एवढ्या वेळात तुम्ही सरळ रेषेत किती पुढे गेलात? सव्वाचारशे किलोमीटर. आणि पुढच्या सोळा तासांत साडेतेरा हजार. हे आकडे मी अनेकदा ताडून पाहिले आहेत आणि दर वेळी तितकाच अस्वस्थ होतो. प्रवासाच्या अंतराचा तीस-बत्तिसावा हिस्सा, आणि वेळ मात्र अर्ध्याहून जास्त. कराचीला थैली विमानातून उतरवून रेल्वेच्या हवाली करत होते त्याला नव्वद वर्षं झाली. तो रखडणारा तुकडा आता तुमच्या वाट्याला आला आहे.

विमान कंपन्या 'सोळा तास' असं सांगतात तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत. त्यांचं घड्याळ विमानतळापासून विमानतळापर्यंत चालतं. तुमचं घड्याळ नांदुऱ्यात सुरू होतं, आणि त्या घड्याळासाठी आजवर फार थोड्यांनी काही केलं.

अगदीच काही झालं नाही असं नाही. खानदेशातल्या जळगावचा विमानतळ २०१२ ला तयार झाला. उडान योजनेतून २०१७ च्या डिसेंबरात मुंबईचं विमान सुरू झालं, मग थांबलं, मग पुन्हा आलं. ज्या सेवेचा भरवसा नाही तिच्या आधारावर अमेरिकेचं तिकीट काढायला सत्तरीची माणसं धजत नाहीत. अमरावतीजवळ बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान जातं, पण नांदुऱ्याहून ते सव्वाशे किलोमीटरच्याही पलीकडे, आणि उलट्या दिशेला.

सगळ्यांत जवळचा आहे अकोल्याचा शिवणी विमानतळ. सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटर. इंग्रजांच्या काळापासून आहे. धावपट्टी तोकडी आहे, वाढवायची तर जमीन हवी, आणि जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. तिथून मुंबईचं रोजचं प्रवासी विमान सुटत नाही.

समजा सुटलं. सकाळी देवपूजा करून, चहा घेऊन सात वाजता घर सोडायचं, खामगाव-बाळापूरवरून नऊपर्यंत शिवणी. दहाला एटीआरचं छोटं विमान उडेल. अकोला-मुंबई पावणेपाचशे किलोमीटर, म्हणजे सव्वा तास, सव्वाअकराला मुंबई. अडीचचं विमान निवांत मिळतं. साडेसतरा तासांचे साडेसात झाले. दहा तास वाचले, आणि ते वाचवायला बोइंगला नवं इंजिन लागत नाही. अकोल्याच्या पूर्वेला काही एकर जमीन आणि थोडं डांबर लागतं.